पाय दुखायला लागला की जायचं कुठे? क्रीडामंत्र्यांना सोलापूरच्या एका धावपटूचं खुलं पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी सोलापूरची. वय २३. पाच हजार आणि दहा हजार मीटर पळते. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहेत. पदकं आणि सत्कार मागायला हे पत्र लिहीत नाही. माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला गेलेल्या एका चिरेबद्दल लिहायचं आहे. ती चीर सापडायला अकरा आठवडे लागले. त्या अकरा आठवड्यांत मी ज्याला त्याला एकच विचारत होते, पळणाऱ्या पोरीचा पाय दुखायला लागला तर तिनं जायचं कुठे? कुणालाच सांगता आलं नाही.

आधी आमचं पळणं कसं असतं ते सांगते. पाच हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या. माझं चांगलं टायमिंग १७ मिनिटं ४२ सेकंद, म्हणजे फेरीला ८५ सेकंद. फेरीमागे एकच सेकंद जास्त गेला तर शेवटी साडेबारा सेकंदांचा फरक पडतो आणि राज्य स्पर्धेत तेवढ्यात तीन-चार जणी पुढे निघून जातात. तो एक सेकंद कमी करायला वर्ष जातं. आठवड्याला ८५-९० किलोमीटर पळायचं. मंगळवारी एक-एक हजार मीटरचे सहा इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत जोरात पळायचे टप्पे, शुक्रवारी टेम्पो, म्हणजे न थांबता वेगात पळणं, रविवारी होटगी रस्त्यानं २२ किलोमीटरचा लाँग रन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३ला जातो आणि रात्रीही घरावरचे पत्रे निवत नाहीत. म्हणून पहाटे साडेचारलाच निघायचं. अंधारात कुत्र्यांचं भ्या आणि समोरून ट्रक. समोरचं वाहन दिसावं म्हणून आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेनं पळतो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे उजवा पाय कायम डाव्यापेक्षा थोडा खाली पडतो. वर्षाला साडेचार हजार किलोमीटर असं पळाल्यावर त्या पायाचं काय होतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२०२४ची दिवाळी आठवड्यावर आली होती. नडगी दुखायला लागली. आमच्यात याला सगळे 'शिन पेन' म्हणतात आणि ते सगळ्यांनाच होतं, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. रसवंतीवाल्याकडून दहा रुपयांचा बर्फ आणायचा, वडिलांच्या कारखान्यातल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पायाला लावायचा, सकाळी परत पळायचं. निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती. साधं शिन पेन नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर पसरलेलं असतं आणि वॉर्मअप झाला की बऱ्याचदा कमी होतं. हाडाला चीर जायला लागली की दुखणं एका जागी येतं. माझं घोट्याच्या चार बोटं वर होतं, एका बोटाखाली मावेल एवढं. तिथं दाबलं की डोळ्यांत पाणी यायचं. रात्री पाय नुसता अंथरुणावर असला तरी आत ठणकायचं. त्या पायावर एक उडी मारून बघितली असती तरी कळलं असतं. यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. मी क्रेप बँडेज बांधून चाचणी पळाले. नवव्या फेरीला पाय टाकताना आतून कुणीतरी टाचणी खुपसतंय असं व्हायला लागलं. १८ मिनिटं ३१ सेकंद, सहावा नंबर. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, हातात घेऊन मैदानाबाहेर आले.

मग फिरणं सुरू झालं. एका मालिशवाल्यानं शीर चढली म्हणून पाय रगडून दिला. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दहा दिवसांनी पळायला सांगितलं. अशा चिरा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुतेकदा दिसतच नाहीत, त्याला एमआरआय लागतो, हे मला पुण्यात सराव करणाऱ्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. एमआरआयला साडेपाच हजार लागले. आईच्या भिशीचा नंबर जानेवारीत लागला तेव्हा ते जमले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट हातात आला. शहरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची धामधूम होती, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक निघाली होती. मी घोळक्याच्या कडेला भिंतीला टेकून उभी होते. लहानपणापासून बघतेय, त्या उंच काठीचा भार एका वेळी एकाच माणसाच्या अंगावर असतो, पण त्याच्या सभोवती हात तयार असतात. त्याचा तोल गेला तर सावरतात, तो दमला की दुसरा काठी घेतो. त्या दिवशी ते बघून मला रडू आलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन होता.

महोदय, इथवर असती तर ही एका हाडाची गोष्ट झाली असती. पण खरी चूक हाडात नव्हती.

आठ आठवडे विश्रांती घेतली, मार्चमध्ये पळायला लागले आणि मेमध्ये त्याच जागी दुखणं परत आलं. या वेळी मैत्रिणीनं पुण्याला बोलावून घेतलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय बघण्याआधी विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती?" मी गप्प. आठवेनाच. हिशेब केला तर अकरा महिने झाले होते. आणि खरं सांगते, पाळी बंद झाली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. स्पर्धेत कटकट नाही. मैदानावरच्या मोठ्या मुली म्हणायच्या, पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग लागू पडतंय. एका सरांनी सांगितलं होतं, अजून दोन किलो कमी कर, हलकं शरीर जोरात पळतं. मी रात्रीची भाकरी सोडली होती. ज्वारीच्या मुलखात राहून, घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असताना, मी रात्री काकडी खाऊन झोपत होते आणि सकाळी १५ किलोमीटर पळत होते.

डॉक्टरबाईंनी कागदावर काढून समजावलं. जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर करतं. आधी पाळी थांबवतं. मग हाड भरणं थांबवतं, कारण हाडं मजबूत ठेवणारं इस्ट्रोजेनच कमी झालेलं असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली याला नाव दिलं, 'रेड-एस'. मुलांनाही होतं, पण त्यांना पाळीसारखी धोक्याची खूण नसते. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणजे रिपोर्टमध्ये नॉर्मल. पण शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन नऊ होतं. कोठारात धान्य संपलेलं आणि डब्यात आजच्यापुरतं पीठ, अशी ती अवस्था. लांब पळणाऱ्याच्या शरीरातून लोह घामातून जातं, पाय आपटून तळव्यात रक्तपेशी फुटतात त्यातूनही जातं. ही चाचणी पाच-सहाशे रुपयांत होते. सात वर्षं मी स्पर्धा पळले, अनेक फॉर्म भरले, आधार कार्ड आणि जन्मदाखला प्रत्येक वेळी दिला. ही चाचणी कर असं एकदाही कुणी म्हटलं नाही.

मग आठ महिने मी मामाच्या विहिरीत पळाले. मोहोळ तालुक्यात मामाचं शेत आहे, उजनीच्या कालव्यामुळे उन्हाळ्यातही विहिरीला पाणी असतं. बसनं जायचं, कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब अडकवायची, ट्यूबला दोरी, दोरीचं टोक वर मामाच्या हातात. पाण्यात उभं राहून जागच्या जागी पळायचं, तळाला पाय लागू द्यायचा नाही. असं केलं की छाती-फुप्फुसं कामाला लागतात आणि हाडावर भार येत नाही. मामा मोबाइलवर तीन मिनिटं लावायचा आणि "हाण!" म्हणून ओरडायचा. मग एक मिनिट संथ. असे दहा वेळा. पाण्याबाहेर आल्यावर मामी तिथंच भाकरी, दूध आणि दोन उकडलेली अंडी खायला लावायची, संपेपर्यंत उठू द्यायची नाही. सप्टेंबरात पाळी आली. मी आईला मिठी मारली.

आता मी सलग पन्नास मिनिटं पळते. मागच्या महिन्यात पहिल्यांदा शर्यतीत उतरले, पाच किलोमीटर, १९ मिनिटं ५० सेकंद. सतरा मिनिटांवर परत जायला अजून वर्ष लागेल. तेवढं मी करीन.

ज्या जुलैत मी विहिरीत होते त्याच जुलैत, २०२५ला, मोनॅकोच्या शर्यतीत अविनाश साबळेंचा गुडघा दुखावला आणि पुढे त्यावर शस्त्रक्रिया झाली. बीडच्या मांडव्याचा हा माणूस पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी पळाला आहे. त्याच्यावर उत्तमातले उत्तम उपचार व्हायलाच हवेत. पण लष्करात जाईपर्यंत, नाव होईपर्यंत जी पोरं-पोरी डांबरावर पळतात, त्यांच्या गुडघ्याचं काय? ललिता बाबर आमच्या शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये त्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेल्या. १९८४ला पी. टी. उषा गेल्यानंतर ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय. माणदेशात, सांगोल्यात, करमाळ्यात तशा पोरी आजही पळताहेत. त्यातल्या किती नडगी धरून घरी बसल्या, याची नोंद कुठे होते का?

सरकार खेळाडूंसाठी काही करत नाही असं मी म्हणणार नाही. नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण हे सगळं प्रमाणपत्रावर चालतं आणि प्रमाणपत्र मिळतं पळणाऱ्याला. ज्या वर्षी पाय मोडला त्या वर्षाचं कागदावर काहीच उरत नाही. म्हणूनच चीर गेलेल्या पायानं पोरी चाचणी पळतात. मी पळाले ती याच भीतीनं.

माझं मागणं मोठ्या इमारतीचं नाही. प्रत्येक जिल्ह्यात आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या जागी, खेळाडूंच्या दुखापती कळणारा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट बसावा. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं एक दुपार दिली तरी आम्ही रांग लावू. त्यानं लिहून दिलं तर एमआरआय आठवडाभरात आणि फुकट व्हावा. नोंदणी असलेल्या प्रत्येक खेळाडूची वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची तपासणी व्हावी. डॉक्टरनं लिहून दिलेलं दुखापतीचं वर्ष खेळाडूच्या सवलतीसाठी आणि वयोमर्यादेसाठी मोजू नये. आणि मुलींना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला, पुरुष असो की बाई, पाळीबद्दल न लाजता विचारायला शिकवावं. सरांना विचारायला संकोच वाटतो हे मला समजतं, आम्हालाही सांगायला वाटतो. मग मैदानावर एक ताई नेमा. पण कुणीतरी विचारलं पाहिजे. त्या एका प्रश्नानं माझं दीड वर्ष वाचलं असतं.

हे पत्र आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या गटात सोळा वर्षांची एक मुलगी आहे. पंधराशे मीटर पळते, आणि माझ्यापेक्षा खूप पुढे जाईल अशी पळते. गेल्या मंगळवारी दुसऱ्या इंटरव्हलनंतर ती खाली बसली. मी तिच्या नडगीवरून बोट फिरवत गेले. घोट्याच्या वर एका जागी तिनं माझा हात धरला. मी तिला उडी मारायला सांगितली, मारता आली नाही. बाजूला नेऊन पाळीचं विचारलं. पाच महिने. तिची आईही विड्या वळते, आणि भिशीचा नंबर लागायला अजून अवकाश आहे.

तिचं पळणं मी थांबवलं आहे. रात्रीची भाकरी खायला लावते, रोज फोन करून विचारते. पुढच्या महिन्यात तिची निवड चाचणी आहे आणि ती मला रोज विचारते, ताई, पळू का? मी नाही म्हणते. मग ती विचारते, जाऊ कुठे? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिला सोलापुरात कुठे नेऊ, ते आपण सांगा.

आपली,
सोलापूरची एक धावपटू