जास्वंदीच्या कळीची टोपी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

स्वेटरच्या पाठीवर विणायचं म्हणून तू काढलेलं सूर्यफूल पाहिलं. चित्र सुरेख आहे, पण जसंच्या तसं विणलंस तर फूल चपटं होईल. ग्राफच्या कागदावरची एक चौकट म्हणजे एक टाका असं तू धरलंयस, आणि सुलट टाका चौकोनी नसतो. उंचीपेक्षा तो रुंद असतो. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंमीत साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे तुझं ३० चौकटी रुंद, ३० चौकटी उंच असं गोल फूल साडेतेरा सेंमी रुंद आणि जेमतेम १० सेंमी उंच होणार. कागद टाक्याच्या मापाने आखून घेतलास की ही अडचण मिटेल.

पण मुळात पाठभर फूल काढायचंच कशाला? मला तसे स्वेटर कधी आवडले नाहीत. फुलाचं चित्र उतरवण्याआधी ते कुठे रुंदावतं, कुठे दुमडतं, कुठून निमुळतं होतं ते बघ. टाके वाढवून आणि कमी करून आपण सुईवर तेच तर करत असतो.

जास्वंदीची उमलायला आलेली कळी हातात घे आणि टोकाकडून बघ. पाच पाकळ्या असतात. प्रत्येकीची एक कड शेजारच्या पाकळीखाली गेलेली, दुसरी कड पलीकडच्या पाकळीवर आलेली, आणि सगळ्या एकाच दिशेला पीळ घेतलेल्या. टोपीच्या माथ्याला हेच हवं असतं. ११० टाक्यांची गोल टोपी असेल तर २२-२२ टाक्यांचे पाच भाग पाड आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विण. जागा तीच, झुकाव तोच. पाच रेघा आपोआप वळत वळत मध्यावर जातात. तिथे दोन्हीकडून सारखा झुकणारा तीन टाक्यांचा एक टाका केलास तर रेघा सरळ जातील आणि कळीचा पीळ नाहीसा होईल.

टाके किती वेगाने कमी करायचे, यातच खरी गंमत आहे. वर सांगितलेल्या मापात फेरीमागे सुमारे साडेचार टाके कमी झाले तर विणकाम सपाट चकतीसारखं पसरतं. (वर्तुळाच्या परिघाचं सूत्र लावून बघ, तुला जमेल.) आपले पाच भाग, म्हणजे फेरीमागे पाच टाके. पहिल्यापासून दर फेरीला कमी केलेस तर माथा एकदम सपाट होईल, घुमट येणार नाही. म्हणून आधी एकाआड एक फेरीत कमी कर आणि प्रत्येक भागात आठेक टाके उरले की दर फेरीला. सदाफुलीची कळीही अशीच पिळाची असते, तीही बघून ठेव.

पानं त्यामानाने सोपी. उलट टाक्यांच्या जमिनीवर एक सुलट टाका घे, ती मधली शीर. पुढून दिसणाऱ्या प्रत्येक ओळीत शिरेच्या दोन्ही बाजूंना सुईवर लोकर घेऊन एकेक टाका वाढव: एकाचे तीन, तिनाचे पाच, असं नऊपर्यंत. मग दोन्ही कडांना दोनाचा एक करत परत एकावर ये. हे झालं नेहमीचं पान. पण सगळी झाडं एकच पान धरत नाहीत. आंब्याचं पान बराच भाग सारख्या रुंदीचं असतं, म्हणून तिथे मधे काही ओळी नुसत्या विणायच्या. पिंपळाचं देठापाशीच पसरतं आणि लांब टोकापर्यंत बारीक होत जातं; तिथे वाढ भराभर आणि घट सावकाश, शेवटी तीन टाक्यांवर पाचसहा ओळी तशाच. शिवाय पिंपळपान टोक खाली करून लोंबतं. गळ्यापासून खाली विणायच्या स्वेटरला ते छान जातं, कारण तिथे देठ आधी येतो. खालून वर विणणार असशील तर पान उलटं होईल हे लक्षात ठेव.

गुलाबाच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. विणीत त्याचा कोबी होतो.

जुन्या विणकरांनी हे फार हुशारीने केलंय. एस्टोनियातल्या हापसालू गावच्या जाळीदार शालींवर लिली-ऑफ-द-व्हॅलीची, म्हणजे घंटेसारखी लोंबणारी इवली, फुलं असतात. तिथे घंटेचा आकार कोणी काढत बसत नाही. एकाच टाक्यात पाच किंवा सात टाके काढायचे आणि पुढच्या ओळीत ते सगळे एकत्र विणायचे. छोटी गाठ उठते, तीच कळी. नॉर्वेतल्या सेल्बूचे हातमोजे बघ. १८५७ साली मारित गुल्सेथ एमस्टाड या मुलीने तिथे आठ पाकळ्यांचं फूल विणलं आणि ते गावाची ओळख होऊन बसलं. टाक्यांच्या चौकटीत सरळ आणि तिरप्या रेघा सहज बसतात, म्हणून आठ पाकळ्या जमतात. पाच पाकळ्या ग्राफवर बसवायला गेलास की एखादी तरी लंगडी दिसते.

रंगांचं थोडक्यात सांगते. फुलातून रंग उचलताना त्यांचं प्रमाणही उचल. गोकर्णात निळा भरपूर आणि पिवळसर पांढरा अगदी मध्यापुरता. दोन्ही सारखे घेतलेस तर गोकर्ण राहत नाही. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून फोनवर काळा-पांढरा फोटो काढ. गडद लाल आणि पानाचा हिरवा अनेकदा एकाच राखाडी छटेचे निघतात, मग लांबून नक्षी दिसतच नाही. आणि एका रंगाने विणताना दुसऱ्या रंगाचा जो धागा मागून जातो, तो पाच टाक्यांपेक्षा लांब सोडू नकोस, घालताना बोटं अडकतात.

आधी टोपीच कर, स्वेटर नंतर. १५ सेंमीचा चौकोनी नमुना विण, धू, न ताणता सपाट वाळव आणि मधल्या १० सेंमीतले टाके आणि ओळी मोज. डोक्याचा घेरही घे. तिन्ही आकडे कळव. तुझी वीण माझ्यापेक्षा घट्ट आहे, ११० टाके पुरणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

तुझी,
आई