आत्याबाई घरीच असतात, फोन करायचा होता

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इंदूरच्या मराठी कलावंतांवरचा लेख काल वाचला आणि रात्रभर डोकं फणफणत होतं, म्हणून आज लिहायला बसले. लेख छान, फोटोही छान, फक्त आमच्या आत्याबाईंवर (माझ्या यजमानांच्या आत्या) जे छापलंय त्यात गाण्याबद्दलची ओळ सोडली तर बाकी सगळी बोंब आहे. वय 81 नाही, 76. आणि 'पतीपासून विभक्त' हे कुठून काढलंत? काका नोकरीसाठी भोपाळला असायचे, आत्याबाई इथे रामबागेत गाण्याच्या शिकवण्या घ्यायच्या, एवढंच. आणि समजा असत्याच विभक्त, तरी वाचकांना त्याचं काय लोणचं घालायचंय?

राजवाड्यापासून अन्नपूर्णेपर्यंत ओळखीच्या सगळ्यांचे फोन येऊन गेले. आज सकाळी तर एका मंडळाचे लोक सहस्रचंद्रदर्शनाचं ठरवायला शाल-श्रीफळ घेऊन दारात हजर! दार आत्याबाईंनीच उघडलं. म्हणाल्या, "चंद्र अजून पुरे व्हायचेत, नारळ ठेवून जा."

तुमच्या वार्ताहरांना विचारलं तर म्हणे, मॅडम, नेटवरच्या ज्ञानकोशात आहे, रेफरन्सपण दिलाय. बघितला. रेफरन्स तुमच्याच पेपरातल्या जुन्या बातमीचा! आणि त्या बातमीत ते त्याच पानावरून आलेलं, कारण पानावर गुरुजींच्या आडनावात जी चूक आहे ती बातमीत तश्शीच उतरलीय. तुम्ही त्यांचं बघून लिहायचं, त्यांनी तुमचा दाखला द्यायचा, आणि जिची गोष्ट ती बाई वरच्या मजल्यावर रियाज करत बसलीय, तिला विचारायचं मात्र कोणी नाही.

यजमानांनी मागेच त्या ज्ञानकोशवाल्यांना लिहिलं होतं, शाळेचा दाखलापण जोडला होता. उत्तर आलं, खाजगी कागद चालत नाहीत, छापून आलेलं काही असेल तर द्या. एकवेळ हे समजू शकते, नाहीतर कोणीही कोणाचेही कागद उकरून तारखा टाकत बसेल. पण मग वादाचं आहे ते काढा तरी! हा ज्ञानकोश विकिपीडिया नव्हे, दुसराच; पण विकिपीडियाचा नियम तर चक्क लिहिलेला आहे की जिवंत माणसाबद्दल वादग्रस्त मजकूर असेल आणि त्याला धड आधार नसेल तर चर्चेची वाट न बघता काढून टाका, आणि पूर्ण जन्मतारखेला त्या माणसाची हरकत असेल तर नुसतं साल ठेवा. 2005 साली अमेरिकेत जॉन सीगेन्थालर नावाच्या पत्रकाराचं नाव केनेडींच्या खुनाशी जोडलेलं तिथे चार महिने तसंच पडून होतं, त्याचा बोभाटा झाल्यावर हे नियम आले. आमचा हा दुसरा ज्ञानकोश अजून आत्याबाईंची तारीख दिवस-महिन्यासकट मिरवतोय. बँकवाले फोनवर ओळख पटवायला तीच विचारतात हो!

पेपरवाले तुम्ही एकटेच नाही म्हणा. 2009 मध्ये जर्मनीत गुटेनबर्ग नावाचे एक पुढारी मंत्री झाले तेव्हा कोणीतरी विकिपीडियावर त्यांच्या भल्या लांब नावात एक 'विल्हेल्म' घुसडून दिला. पेपरांनी तो छापला आणि मग त्याच छापलेल्याचा दाखला पुन्हा विकिपीडियावर. पण ते निदान मंत्री होते, एका जादा नावाने त्यांचं काय बिघडणार! इथे आमच्या काकांनी सकाळपासून चहासुद्धा धड घेतलेला नाही.

तेव्हा खुलासा छापा. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी. 'विभक्त' चूक आहे असं स्पष्ट लिहा म्हणजे ज्ञानकोशवाल्यांना दाखवायला कात्रण होईल. वय द्या, तारीख देऊ नका. आणि आत्याबाईंचा नंबर तुमच्या ऑफिसात आहे, दिवाळी अंकाच्या जाहिराती मागायला दरवर्षी त्याच नंबरवर फोन येतो.

हो, आणि मराठी कार्यक्रमांच्या बातम्या कार्यक्रमाच्या आधी छापता आल्या तर बघा.

आपली जुनी वाचक,
रामबाग, इंदूर