ईशान्येची वेळ आणि रेल्वेचे कारण

संपादक महोदय,

ईशान्य भारताला वेगळी प्रमाणवेळ दिल्यास रेल्वे अपघात वाढतील, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष पटला नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने कच्छ ते अरुणाचल जवळपास दोन तासांचा फरक पडतो. डिसेंबरात गुवाहाटीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा मुंबईत सूर्यास्ताला दीड तास असतो. आसामचे चहामळे उगाच तासभर पुढची ‘बागान टाइम’ पाळत आलेले नाहीत.

राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने २०१८ मध्ये सुचवलेली विभाजनरेषा आसाम-पश्चिम बंगालच्या चिंचोळ्या सीमेवर आहे. तिथे रेल्वेमार्ग मोजकेच. लगतच्या दोन स्थानकांच्या नोंदींत तासाचा घोळ झाला तर धोका आहेच. म्हणून गाड्यांचे संचालन, सिग्नल आणि नियंत्रण कक्ष आजच्याच वेळेवर ठेवावेत. नवी वेळ शाळा, कार्यालये, दुकानांना लावावी. अकरा कालविभागांच्या रशियात २०१८ पर्यंत रेल्वे तिकिटांवरही सर्वत्र मॉस्कोचीच वेळ छापली जात असे.

– एक वाचक, डोंबिवली