22 वर्षांचा ‘गॅप’: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस स. न. वि. वि.

मी अंगणवाडी सेविका. वय 41. बारावीनंतर 22 वर्षांनी बी.ए.ला नाव घातलं, कारण मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते. प्रवेशाच्या खिडकीवर सांगितलं, “ताई, गॅप सर्टिफिकेट आणा.” नोटरीकडे मजकूर तयारच होता: ‘मधल्या काळात मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.’ मी सही केली. साहेब, ती सही खोटी आहे.

त्यातली 16 वर्षं मी अंगणवाडीत काढली. दर महिन्याला पोरांची वजनं घेतली, दंडाचा घेर मोजून कुपोषित मूल ओळखलं, चाळिशीजवळ येऊन मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायला शिकले. आता अभ्यासक्रमात बालविकास आहे. गृहपाठाला प्रश्न आला, ‘वाढीचा आलेख कसा भरावा?’ मी पाच पानं लिहिली. अंगणवाडीतलं नव्हे, पुस्तकातलं. मार्क त्यालाच असतात.

2023च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात कामाच्या अनुभवालाही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी धरलं जाणारं अभ्यासाचं माप, देण्याची सोय आहे. ही क्रेडिट्स जमा करायला 2021पासून क्रेडिट बँकही आहे. मी अभ्यासकेंद्रावर विचारलं. “वरून काही आलेलं नाही,” म्हणाले. ते वरून आपण पाठवावं, यासाठी हे पत्र. फुकट मार्क नकोत. परीक्षक पाठवा, एक दिवस अंगणवाडीत बसवा, माझं काम तपासा. उतरले तर त्या पेपरची क्रेडिट्स द्या. नर्सिंग होममधली आया, वायरमन, बचतगटाचा हिशेब ठेवणारी बाई, सगळ्यांना हे लागू होईल.

विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं 1989पासून आमच्यासारख्यांना दार उघडलं, हे आम्ही विसरलेलो नाही. पण हे काम एकट्या मुक्त विद्यापीठावर का? बाकीच्या विद्यापीठांच्या लेखी आम्ही अजून ‘बाहेरून बसणारे’च.

आणखी एक. केंद्रावर प्रत्यक्ष शिकवायचे संपर्क वर्ग रविवारी, पोलिओचा डोसही रविवारीच. त्या दिवशी मी बूथवर असते आणि वर्ग बुडतो. तो पुढच्या रविवारी पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?

पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. बालविकासाचा पेपर दुपारी तीनचा. मुलांना खाऊ वाटून झाला की एसटीनं निघेन.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
(बी.ए., दुसरं वर्ष)