रुपया-क्याटचं खातं कुठल्या शाखेत उघडतं, मंत्रिमहोदय?

मा. केंद्रीय वाणिज्य मंत्री यांस,
स. न. वि. वि.

वाशीच्या दाणा बंदरात मी बावीस वर्षं म्यानमारची तूर-उडीद विकतो. परवा यांगूनहून लेमन तुरीची (तिकडच्या तुरीचा एक प्रकार) नमुन्याची पुडी आली. गाळ्यात उघडली तर आधी पीठ सांडलं, मग वहीवर पोरकिडे चालू लागले. या मालाचे आगाऊ पैसे मी चार महिन्यांपूर्वी दिले होते. तिकडे परवाना अडला आणि तूर पावसाळाभर वखारीत पडून राहिली.

अडलं ते चलनापायी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. आता निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरचा एक हिस्सा सरकारी दराने, २१०० क्याटने (क्याट हे तिकडचं चलन), मोडावा लागतो. बाजारात डॉलर २०२४ मध्येच ४००० च्या वर गेला. पडतळ, म्हणजे खर्चाचा आणि विक्रीचा मेळ, बसणार कशी? जानेवारी २०२४ मध्ये डॉलर मधे न आणता रुपया-क्याट थेट व्यवहाराची घोषणा झाली, तेव्हा मीच यांगूनच्या माझ्या माणसाला फोन करून म्हटलं, सुटलो आपण. त्यानंतर बँकेत पाच खेपा घातल्या. पाचव्या खेपेला शाखेतल्या साहेबांनी मला विचारलं, ‘क्याट म्हणजे काय?’

साहेब, म्यानमारमधल्या सगाइंग-मगवेच्या कोरड्या पट्ट्यातला शेतकरी तूर स्वतः फारशी खात नाही. तुमच्या-आमच्यासाठी पेरतो. त्या गरीब देशाला फॅक्टरीवाचून डॉलर मिळवून देणारं हे पीक, आणि गिऱ्हाईक जवळजवळ एकच, आपण. ऑगस्ट २०१७ मध्ये आपण तुरीवर २ लाख टनांची मर्यादा घातली, तीही माल पाण्यावर असताना. तिकडे भाव कोसळला. इकडे मी डोंबिवलीची खोली विकून देणी भागवली. मुलीचं इंजिनिअरिंग त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. लातूरच्या शेतकऱ्याला तेव्हा ५०५० चा हमीभावही बाजारात मिळत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला जरूर वाचवा. पण पेरणीआधी सांगा ना! मे २०२१ मध्ये आयातीचं दार पुन्हा सताड उघडलं, जूनमध्ये म्यानमारशी वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तुरीचा करार केला. भाव चढला की तुम्हाला ग्राहक आठवतो, पडला की शेतकरी. दोघांच्या मधे उभा असलेला माणूस कुणालाच आठवत नाही, आणि सीमेपलीकडचा तर नाहीच.

रस्त्याचंही तेच. कलादान प्रकल्पाचा, म्हणजे कोलकात्याहून म्यानमारच्या सित्वे बंदरामार्गे मिझोरामला जाणाऱ्या वाटेचा, करार २००८ चा. सित्वे बंदरात पहिलं जहाज लागायला २०२३ उजाडलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच वाटेवरचं पलेतवा अराकान आर्मी या तिथल्या सशस्त्र बंडखोर गटाने घेतलं आणि मिझोरामकडचा रस्ता तसाच अर्धवट. ताबा ज्याचा, त्याच्याशी बोलल्याशिवाय तिथे खडी पडणार नाही, हे आमचा मापाडीसुद्धा सांगेल. दिल्लीत पंधरा-सोळा वर्षं हे कुणाच्या टेबलावर होतं? एका तरी अधिकाऱ्याला कुणी जाब विचारला?

तिथली वखार आता रिकामी होत चालली आहे. २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि गोणी उचलणारी पोरं थायलंडला पळाली. माझा माणूस साठीचा आहे, स्वतः पोती रचतो.

रुपया-क्याटच्या व्यवहारासाठी अर्ज कुठल्या शाखेत, कुठल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा, एवढं लेखी कळवा. पुढच्या हंगामाचं आयात धोरण पेरणीआधी जाहीर करा. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर माझा यांगूनचा माणूस वखार मोडणार आहे. तसं त्याने मला कळवलं आहे.

आपला,
दाणा बंदरातला एक व्यापारी