गाडी मुलांनाच भरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'संगणकीय खेळांतून इतिहास' या विषयावर लेख आला, म्हणून हे पत्र. मी गेली अकरा वर्षं अमेरिकेत, ओरेगन राज्यात चौथीच्या वर्गाला शिकवते. मिसुरीतल्या इंडिपेंडन्सहून ओरेगनपर्यंतच्या सुमारे २,००० मैलांच्या गाडीवाटेला इथे 'ओरेगन ट्रेल' म्हणतात. १८४० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कापडी छताच्या गाड्यांना बैल जुंपून हजारो कुटुंबं या वाटेने गेली. हा विषय माझ्या वर्गात दर वर्षी असतो.

त्यावरचा संगणकावरचा खेळ इथल्या दोन पिढ्या खेळल्या आहेत. १९७१ मध्ये मिनियापोलिसमधल्या डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाने आठवीच्या वर्गासाठी दोन सहकाऱ्यांच्या मदतीने तो तयार केला. तेव्हा पडदासुद्धा नव्हता, टेलिटाइपच्या कागदावर मजकूर छापून यायचा. १९८५ च्या आवृत्तीत मुलाने सुतार व्हायचं ठरवलं तर हाती ८०० डॉलर, शेतकरी झाला तर ४००. ही कल्पना मला आजही फार आवडते. पण पडद्यावर सामान घेताना मूल नुसता आकडा टाकतं. त्याला वजन कळत नाही. म्हणून मी गाडी वर्गातच मांडते.

फरशीवर चिकटपट्टीने चार फूट रुंद आणि दहा फूट लांब चौकट आखायची. ही गाडीची साटी. एवढ्या जागेत चौघांचा संसार. प्रत्येक वस्तूची वजन लिहिलेली चिठ्ठी असते आणि एकूण भार २,५०० पौंडांच्या वर जाता कामा नये. त्या काळच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसामागे २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन (डुकराचं खारवलेलं मांस), २० पौंड साखर, १० पौंड कॉफी, १० पौंड मीठ. मुलं बेरीज करतात आणि गप्प होतात, कारण निम्मी गाडी नुसत्या खाण्याने भरलेली असते. मग नांगर, बियाणं, तंबू, बंदूक, जादा आस, वंगणाची बादली. बसायला जागा कुठे, असं कुणीतरी विचारतंच. बसायचं नाही, चालायचं. बहुतेक माणसं ती वाट पायीच चालली. मी मुलांना मैदानावर बैलाच्या चालीने, तासाला दोन मैल या गतीने चालवते. सगळ्यांत त्रास होतो तो या संथपणाचा.

यंदा एका मुलीने आजीची डुलती खुर्ची सोडायला साफ नकार दिला. तिच्या गटाने त्यासाठी पिठाचं एक पोतं कमी केलं. वाटेवरच्या फोर्ट लॅरमी या ठाण्याला पोचेपर्यंत गटाचे बैल थकले (तेही चिठ्ठीवरच), आणि खुर्ची वाटेत टाकावी लागली. तिने ती चिठ्ठी खिडकीखाली उभी करून ठेवली आणि दिवसभर तिकडे बघत राहिली. १८४९ च्या सुमारास लॅरमीच्या आसपास लोकांनी चुली, पेट्या, बेकनचे ढीग असेच टाकून दिले होते, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी काही बोलले नाही.

एक चूकही सांगते. दुसऱ्या वर्षी मी विकतचा तयार संच वापरला. त्यात वाटेवरच्या प्रसंगांचे पत्ते होते. त्यांतला एक, 'इंडियनांचा (म्हणजे इथल्या मूलनिवासींचा) हल्ला, दोन बैल गेले'. तो पत्ता निघाला आणि माझ्या वर्गातला, नेझ पर्स या मूलनिवासी जमातीतला एक मुलगा शांतपणे म्हणाला, "टीचर, मी कोणत्या गाडीत बसू?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन मी तो संच कपाटात टाकला आणि नव्याने वाचायला बसले. १८४० ते १८६० या काळात मूलनिवासींच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूलनिवासी, असा इतिहासकारांनी मांडलेला हिशेब आहे. कॉलरा, नदी ओलांडताना बुडणं, चाकाखाली येणं आणि चुकून सुटलेल्या गोळ्या यांनीच फार जास्त माणसं नेली. आता माझ्या पत्त्यांत स्नेक नदीवर शोशोनी लोक सदऱ्याच्या बदल्यात सामन मासे देतात, नदी पार करायला मदत करतात. पण गाड्यांच्या गुरांनी त्यांचं गवत संपवल्याचाही पत्ता आहे, आणि १८४७ मध्ये केयूस या मूलनिवासी लोकांत पसरलेल्या गोवराचाही. शेवटी जमिनीचा कायदा येतो. १८५० च्या कायद्याने जोडप्याला ६४० एकर, तीही त्या जमिनीच्या मूळ लोकांशी करार होण्याआधीच. आणि जॉर्ज बुश नावाचा कृष्णवर्णीय प्रवासी १८४४ मध्ये एवढी वाट तुडवून आला, तर ओरेगनमध्ये कृष्णवर्णीयांना वस्तीची बंदी! तो कोलंबिया नदीच्या उत्तरेला जाऊन राहिला. इथे मुलं चिडतात, आणि त्यांनी चिडावं असंच मला वाटतं.

सगळ्यांत अवघड भाग मरणाचा. संगणकावरच्या खेळात कोणी मेलं की एक ओळ येते, कळ दाबली की गाडी पुढे निघते. माझ्या वर्गात गाडी थांबते. ज्याच्या नावाचा पत्ता निघाला त्याची कामं कोण करणार, हे गटाने ठरवायचं. रानशेणी कोण वेचणार? (माळरानावर लाकूड नसे, बायसनच्या वाळल्या शेणावरच चूल पेटायची.) चाकं वाळून धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल झाली की चाकं रात्रभर नदीत कोण भिजत ठेवणार? मग मी कॅथरीन सेजरची गोष्ट सांगते. १८४४ साल, वय नऊ. चालत्या गाडीतून उडी मारताना तिचा झगा कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकला आणि चाक पायावरून गेलं. पुढे वाटेतच आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली. सात भावंडं उरली, धाकटं तर वाटेतच जन्मलेलं. माझी मुलंही नऊ-दहाचीच. कोणी तरी हमखास विचारतं, "मग बाळाला कोणी घेतलं?" गाडीतल्या बायांनी आळीपाळीने सांभाळलं, असं मी सांगते, आणि पुढच्या पत्त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाही.

मुलांसाठी असे खेळ तयार करणारी तरुण मंडळी आपल्या वाचकांत नक्कीच असतील. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पडद्यावर माणूस गेल्यावर 'पुढे चला' ही कळ लगेच देऊ नका. मुलांना त्याची कामं वाटून घेऊ द्या, त्याचं सामान उतरवू द्या, गाडीचं वजन पुन्हा करू द्या. तोवर गाडी जागची हलू देऊ नका.

आपली,
चौथीची एक शिक्षिका, ओरेगन