हरलेल्याचाही एक रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या वेळी आपल्या अंकात डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन ते सी. पी. राधाकृष्णन अशा पंधरा उपराष्ट्रपतींचा तक्ता आला होता. मी निवृत्त शिक्षक आहे. कन्ना चौकाजवळच्या एका अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. फी घेत नाही, चहा तेवढा मुले पाजतात. त्यांनी तुमचा तक्ता कापून भिंतीला चिकटवला आहे. क्रमांक, नाव, कार्यकाळ, राज्य, आधीचे पद, सगळे रकाने नीटनेटके.

परवा त्या तक्त्यासमोर उभा राहून मी सहज विचारले, "२००२ साली भैरोसिंह शेखावतांच्या विरोधात कोण होते?" सतरा-अठरा मुले बसली होती. एक म्हणाला, "बिनविरोध, सर." दुसऱ्याने नजमा हेपतुल्लांचे नाव घेतले. बाकीचे तक्त्याकडे बघत राहिले, आणि तक्ता काही सांगेना. अहो, हे सोलापुरात! मी उत्तर सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आपले शिंदेसाहेब? ते कधी?"

ते १२ ऑगस्ट २००२ ला. श्रावणातला पहिला सोमवार होता, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन मी घरी आलो, तर शेजारच्या अण्णांच्या ओट्यावर सातआठ जण टीव्हीकडे माना करून बसलेले. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचे २७ जुलैला पदावर असतानाच निधन झाले होते आणि त्या जागेसाठी काँग्रेसने आपल्या गावच्या खासदाराला उभे केले होते. निकाल आला: शेखावत ४५४, सुशीलकुमार शिंदे ३०५. अण्णांनी बोटांवर हिशेब केला, "एकशे एकोणपन्नास कमी पडली की." आणि लगेच, "दिला की हो बळी पोराचा." पोराचे वय तेव्हा साठ, पण गावाला सगळे पोरच.

ही 'बळी'ची भाषा सोलापुरात अजून आहे, जुन्या लोकांत तरी. मला ती पटत नाही. आकडे आधीच उघड होते, वाजपेयी सरकारचे संसदेतले बळ कुणापासून लपले नव्हते. तरीही कुणीतरी समोर उभे राहायचे असते. मी शिंद्यांचा भाट नाही, प्रत्येक वेळी त्यांना मत दिले असेही नाही. पण इथल्याच कोर्टात पट्टेवाला म्हणून राबलेला माणूस उपराष्ट्रपती म्हणून राज्यसभेच्या सभापतीच्या खुर्चीसाठी उभा राहतो आणि संसदेतले ३०५ जण त्याच्या नावापुढे पहिली पसंती लिहितात, याला बळी म्हणायचे? पाच महिन्यांत, जानेवारी २००३ मध्ये, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. लोकसभेची जागा मात्र पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या हातून गेली. तो राग असेल तर वेगळा काढावा.

त्या लढतीतली एक गंमत मुलांना फार आवडली. उपराष्ट्रपती निवडतात ते फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारांना मत असते, इथे नसते. शेखावत त्या वेळी राजस्थान विधानसभेत विरोधी पक्षनेते, म्हणजे आमदार. शिंदे लोकसभेचे खासदार. म्हणजे जिंकणाऱ्याला स्वतःला मत द्यायचा अधिकार नव्हता आणि हरणाऱ्याला होता! पुढे २००७ मध्ये शेखावत राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि त्यांना हरवले जळगावच्या प्रतिभाताईंनी. अण्णा असते तर म्हणाले असते, फिटंफाट.

मुलांतली एक मुलगी पूर्व भागातली आहे. घरी तेलुगू, वर्गात मराठी, वडील यंत्रमागावर. तिने विचारले, "सर, हरलेल्याला डिपॉझिट तरी परत मिळतं का?" प्रश्न साधा, पण मला खडू घ्यावा लागला. अनामत रक्कम १५ हजार रुपये, शिवाय २० सूचक आणि २० अनुमोदक, तेही सगळे खासदार. जिंकायला जितकी मते लागतात त्याच्या एक षष्ठांशाहून जास्त मिळाली तर रक्कम परत. २००२ ची वैध मते ७५९, कोटा म्हणजे जिंकायला लागणारी मते ३८०, त्याचा सहावा हिस्सा त्रेसष्टच्या आसपास. शिंद्यांचे तर आरामात वाचले. २००७ मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या तिरंगी लढतीत रशीद मसूद यांना ७५ मते पडली होती, त्यांचेही थोडक्यात वाचले असणार. मुलगी म्हणाली, "म्हणजे तिसरा नंबरसुद्धा वाचतो." वाचतो. आपल्या तक्त्यात तेवढा वाचत नाही.

२००७ च्याच नजमा हेपतुल्लांचे बघा. आपल्याच महाराष्ट्रातून वर्षानुवर्षे राज्यसभेवर, त्यातली दीर्घ वर्षे उपसभापती. ती खुर्ची त्यांच्याइतकी कोणाच्या सवयीची होती? पण पक्ष बदललेला, संख्या विरोधात, २२२ मतांवर थांबल्या. हमीद अन्सारी ४५५ मते घेऊन निवडून आले, ते राजनैतिक सेवेतून आलेले, कुठल्याही सभागृहात न बसलेले. अन्सारी सभापती म्हणून कमी पडले असे मला म्हणायचे नाही. पण सभागृह चालवण्याची परीक्षा ज्यांनी आधी दिली होती त्या हरल्या, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे की नको? उपराष्ट्रपतींचे रोजचे काम ते राज्यसभेचेच. त्यांना पगारसुद्धा उपराष्ट्रपती म्हणून मिळत नाही, राज्यसभेचे सभापती म्हणून मिळतो.

आणि महाराष्ट्राचे नाव त्या रकान्यात आणखी एकदा आहे. १९८४ मध्ये आर. व्यंकटरामन यांच्या विरोधात रिपब्लिकन चळवळीतले बी. सी. कांबळे उभे होते. कोपरगावातून आणि नंतर मुंबईतून लोकसभेत गेलेले. व्यंकटरामन ५०८, कांबळे २०७. मराठी माणूस या पदावर अजून बसलेला नाही. महाराष्ट्राच्या राजभवनातून थेट तिकडे गेलेले राज्यपाल दोन आहेत, शंकरदयाळ शर्मा आणि आताचे सी. पी. राधाकृष्णन, पण ते आपले पाहुणे. कांबळे आणि शिंदे हे दोघे लढले, दोघेही दलित समाजातले, आणि दोघेही विरोधी बाजूचे असताना. विरोधी पक्षाला संख्या नसते तेव्हाच अशी नावे कशी सुचतात, हा प्रश्न मी वर्गात विचारत नाही. तुम्हाला विचारतो.

तक्त्यातली पाचवी ओळ बासप्पा दानप्पा जत्ती यांची. आमच्याकडे विजापूर वेशीतल्या जुन्या मंडळींना ते घरचेच वाटत, जमखंडीकडचे, बसवण्णांना मानणारे, एके काळी मुंबई राज्याच्या विधानसभेत बसलेले. १९७४ मध्ये त्यांना ५२१ मते पडली आणि झारखंड पार्टीचे खासदार निरल एनेम होरो यांना १४१. पुढे फखरुद्दीन अली अहमद गेले आणि १९७७ मध्ये जत्ती पाच महिने हंगामी राष्ट्रपती होते. नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर सही करायला त्यांनी वेळ घेतला होता, तेव्हा दिल्लीत केवढा गोंधळ माजला होता! दुसऱ्या क्रमांकाचे पद नुसते शोभेचे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. होरो निवडून आले असते तर १९७७ च्या त्या खुर्चीवर आदिवासी राष्ट्रपती दिसला असता, हंगामी का होईना.

बिनविरोध निवडणुका चारच झाल्या: १९५२, १९५७, १९७९ आणि १९८७. बाकी तेरा वेळा कुणीतरी हरले आहे. १९९२ मध्ये के. आर. नारायणन यांना ७०० आणि काका जोगिंदर सिंह 'धरतीपकड' यांना १ मत पडले होते. ते एक मत कुणाचे, हे मतदान गुप्त असल्यामुळे कायमचे गुलदस्त्यात. पक्षाला इथे व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचे याचा आदेश, काढता येत नाही, म्हणून हरलेल्याचा आकडा मला जिंकलेल्याच्या आकड्याइतकाच वाचायला आवडतो. २०२५ मध्येच बघा, ४५२ विरुद्ध ३००, आणि बाद मते १५. खासदारांना मत देता येत नाही की द्यायचे नव्हते, हे शोधायला विरोधातला आकडा शेजारी लागतो.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा एक रकाना वाढवा: 'विरोधातील प्रमुख उमेदवार व मते'. जागा कमी पडत असेल तर 'राज्य' काढा, तो मुलांना पाठ आहे. तोवर आमच्या अभ्यासिकेतल्या तक्त्याला त्या मुलीने पट्टी धरून पेन्सिलीने उजवीकडे एक रेघ मारली आहे. तेरावी नोंद भरायची बाकी आहे, १९६९ ची. त्या साली रिंगणात बरेच जण होते आणि रकाना अरुंद पडतोय.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
विजापूर रोड, सोलापूर